आवाज आणि चित्र यांची चुकामूक : आधी कारण ओळखा, मगच दुरुस्ती करा

लग्नसमारंभाची व्हिडिओ फिल्म तयार करणे हा आता पूर्ण वेळेचा धंदा झाला आहे. शूटिंगवाला, मिक्सिंगवाला, साऊंडवाला आणि फोटो स्टुडिओचा मालक अशा चौघांची कमाई एकाच फिल्मवर अवलंबून असते. कपड्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला माल पसंत पडला नाही तर दुसरा तागा काढून दाखविता येतो. निकाहच्या फिल्मचे तसे नाही. नवरदेवाने ‘कबूल’ म्हटले तो क्षण एकदाच येतो. तो पडद्यावर दिसताना ओठ आधी हलले आणि आवाज मागाहून आला, तर घरातली लहान मुलेसुद्धा हसतात. मग गिऱ्हाईक उरलेले पैसे अडवून धरते, शूटिंगवाला मिक्सिंगवाल्याकडे बोट दाखवितो आणि मिक्सिंगवाला शूटिंगवाल्याकडे.

या दोषाला धंद्यात ‘सिंक जाणे’ म्हणतात. पुष्कळ कारागीर सिंक गेलेले दिसताच आवाजाची पट्टी अंदाजाने पुढे-मागे सरकवू लागतात. एका जागी जमते, दहा मिनिटांनी पुन्हा बिघडते. पुन्हा सरकवितात, मग आधीचे बिघडते. रात्र वाया जाते आणि काम होत नाही. याचे कारण असे की, सिंक जाण्याचे तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि तिघांवरचे औषध वेगळे आहे. कोणता प्रकार आहे हे ओळखण्यास पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे आधी खर्च करावीत, हेच या लेखाचे सांगणे आहे.

फरक मोजायचा कसा?

आपल्याकडे १९८२ साली रंगीत दूरदर्शन सुरू झाले ते पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला २५ चित्रांचे. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची झाली. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. सिंकचा हिशेब नेहमी फ्रेममध्ये किंवा मिलिसेकंदात करावा. ‘थोडे मागे आहे’ हे माप नव्हे.

किती फरक चालतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली प्रसारणासाठी केलेल्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतो. युरोपातील प्रसारण संस्थांच्या संघाने २००७ साली याहून कडक मर्यादा घातली : पुढे ४० आणि मागे ६० मिलिसेकंद. आपल्या कामासाठी सोपा नियम असा धरावा की आवाज एक फ्रेमसुद्धा पुढे नको, आणि मागे एक फ्रेमपर्यंत चालेल.

पुढे गेलेला आवाज जास्त खटकतो, याला कारण आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. प्रकाश त्यामानाने तत्काळ पोहोचतो. मैदानाच्या पलीकडे कोणी लाकूड तोडीत असेल तर कुऱ्हाड आधी दिसते व आवाज मागून येतो. मागून येणाऱ्या आवाजाची माणसाला जन्मापासून सवय असते. आधी येणारा आवाज निसर्गात नाहीच, म्हणून तो लगेच खुपतो. याच हिशेबाने ४० मिलिसेकंदात आवाज सुमारे १४ मीटर जातो. म्हणजे माणसापासून १४ मीटरवर ठेवलेल्या माइकमध्ये आवाज मुळातच एक फ्रेम उशिरा पोहोचतो. हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे त्याची गरज लागेल.

तपासताना बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहावे, पण कोणत्याही अक्षरावर नव्हे. प, फ, ब, भ, म या अक्षरांना दोन्ही ओठ मिटावे लागतात. ‘कबूल’ मधला ब, ‘मुबारक’ मधला म आणि ब ही चांगली ठिकाणे होत. फिल्म एकेक फ्रेम पुढे सरकवावी. ओठ मिटून उघडले ती फ्रेम आणि ब चा आवाज फुटला ती जागा, यांतले अंतर मोजावे व कागदावर लिहून ठेवावे.

दोष फाइलमध्ये आहे की ऐकण्याच्या साधनात?

कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी हे पाहणे जरूर आहे. अनेकदा फिल्म बरोबर असते आणि दोष भलतीकडेच असतो.

ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकरमध्ये आवाज पोहोचण्यास शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. अशा हेडफोनवर ऐकून मिक्सिंग करणारा कारागीर चांगली फिल्म आपल्या हाताने बिघडवून ठेवतो. मिक्सिंगसाठी वायरचा हेडफोनच वापरावा.

नवीन सपाट टीव्ही चित्र सुधारण्यासाठी ते थोडा वेळ रोखून धरतात. आवाज बाहेरच्या साऊंड सिस्टीमला जोडला असेल तर तो चित्राच्या आधी ऐकू येतो. गिऱ्हाइकाची तक्रार आली की प्रथम विचारावे : टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर कसे वाटते? मोबाइलवर कसे वाटते? तेथे बरोबर असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज मागे-पुढे करण्याची सोय पाहावी. फिल्मला हात लावू नये.

तिसरी गोष्ट, कॉम्प्युटर कमी ताकदीचा असला तर जड फाइल चालविताना चित्र अडखळते आणि आवाज मात्र पुढे जातो. त्यावरून निष्कर्ष काढू नये. संशयाच्या जागेचा एक मिनिटाचा तुकडा पूर्ण तयार करून वेगळा काढावा आणि तो चालवून पाहावा. तुकडा बरोबर निघाला तर दोष कॉम्प्युटरचा.

तीन जागांची तपासणी

आता दोष फाइलमध्येच आहे असे ठरले. फिल्मची सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी ओठांची वरील तपासणी करावी आणि तिन्ही फरक लिहावेत. उत्तर तीनपैकी एका प्रकारचे येईल.

पहिला प्रकार : तिन्ही जागी फरक सारखाच. उदाहरणार्थ, सगळीकडे चार फ्रेम.

दुसरा प्रकार : फरक एकसारखा वाढत जातो. सुरुवातीला शून्य, मध्यावर पाच, शेवटी दहा.

तिसरा प्रकार : फरक एखाद्या जागी अचानक उडी घेतो, किंवा कधी कमी कधी जास्त होतो.

उत्तर स्पष्ट नसेल तर आणखी तीन-चार जागा तपासाव्यात. मात्र प्रकार ठरल्याशिवाय पट्टी हलवू नये.

पहिला प्रकार : फरक सारखा राहतो

हा सर्वांत सोपा रोग. जुन्या थिएटरांतील ऑपरेटरला तो चांगला ठाऊक होता. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आवाजाची पट्टी तिच्या चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापलेली असे, कारण प्रोजेक्टरमध्ये चित्र दाखविण्याची जागा आणि आवाज वाचण्याची जागा वेगळी होती. फिल्म चढविताना मधला वळसा लहान-मोठा झाला की सगळा सिनेमा सारख्याच फरकाने चुकत असे. वळसा नीट केला की दोष जाई.

आजच्या कामात याची कारणे अशी असतात. वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज लावताना सुरुवातीची खूण चुकलेली असते. बिनतारी माइक किंवा मिक्सरमधून येताना आवाजाला थोडा उशीर झालेला असतो. आवाजाची फाइल एमपी-थ्री करून पाठविलेली असते. एमपी-थ्री होताना सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता जोडली जाते. म्हणून दोन कारागिरांमध्ये आवाजाची देवघेव नेहमी वेव्ह फाइलमध्येच करावी.

आणखी एक कारण मंडपात हमखास सापडते. समजा, काझीसाहेबांचा माइक मिक्सरला जोडला आहे आणि मिक्सरमधून सरळ रेकॉर्डिंग घेतले आहे. कॅमेरा मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे ३० मीटरवर आहे. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकमध्ये आवाज सुमारे ८७ मिलिसेकंद, म्हणजे दोन फ्रेमहून अधिक उशिरा आला. आता मिक्सिंगचा प्रोग्राम दोन्ही आवाजांच्या लाटा जुळवून आपोआप सिंक करतो. तो मिक्सरचा चांगला आवाज कॅमेऱ्याच्या उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवितो आणि चित्रापेक्षा दोन फ्रेम मागे नेऊन ठेवतो. प्रोग्रामने आपले काम चोख केले, तरी ओठ चुकले. अशा वेळी मिक्सरचा आवाज दोन फ्रेम पुढे घ्यावा आणि ब वर ओठ मिटतात का ते पाहावे. लाटा जुळल्या म्हणजे ओठ जुळलेच असे समजू नये.

या प्रकाराची दुरुस्ती म्हणजे आवाजाची संपूर्ण पट्टी मोजलेल्या फरकाइतकी सरकविणे. मात्र नंतर तिन्ही जागा पुन्हा तपासाव्यात.

दुसरा प्रकार : फरक वाढत जातो

येथे पट्टी सरकविणे निरुपयोगी आहे. सुरुवात जमविली की शेवट चुकतो, शेवट जमविला की सुरुवात. आवाज आणि चित्र यांची लांबीच वेगळी झालेली असते. सकाळी दोन घड्याळे बरोबर लावली आणि एक थोडे मंद असले, तर संध्याकाळी दोन वेगळ्या वेळा दिसतात. तसेच हे आहे.

तासाभरात किती फरक पडला यावरून कारण ओळखता येते. म्हणून हे आकडे दुकानात लिहून लावण्यासारखे आहेत.

एक, तासाला दोन ते दहा फ्रेमपर्यंत फरक : कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळे वेगळी. प्रत्येक यंत्रात वेळ मोजणारा स्फटिक असतो आणि कोणताही स्फटिक अगदी अचूक नसतो. दहा लाखात वीस भागांची चूक म्हणजे तासाला ७२ मिलिसेकंद, जवळजवळ दोन फ्रेम. एका यंत्रातला स्फटिक जलद आणि दुसऱ्यातला मंद असेल तर फरक दुप्पट होतो. स्वस्त रेकॉर्डरमध्ये याहून जास्त चूक निघू शकते.

दोन, तासाला ३.६ सेकंद : सेकंदाला ३० आणि २९.९७ फ्रेम यांचा घोळ. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीची पद्धत ठरली तेव्हा रंगाचे आणि आवाजाचे संकेत एकमेकांत मिसळू नयेत म्हणून फ्रेमचा वेग हजारात एक भागाने कमी केला गेला. त्यामुळे ३० चे २९.९७ झाले. परदेशातून आणलेला कॅमेरा किंवा मोबाइलवरचे शूटिंग यांत हा घोळ आढळतो. २४ आणि २३.९७६ यांतही हाच हजारात एकाचा फरक आहे.

तीन, तासाला २ मिनिटे २४ सेकंद : कॅमेरा २४ फ्रेमवर चालला आणि मिक्सिंगमध्ये त्याच फ्रेम २५ च्या वेगाने धावल्या. सिनेमासारखे दिसावे म्हणून कॅमेरा २४ वर ठेवण्याची हौस असते, त्यातून हे घडते. तासाचे चित्र ५७ मिनिटे ३६ सेकंदांत संपते आणि वेगळा घेतलेला आवाज पूर्ण तासाचा राहतो.

चार, तासाला सुमारे ४ मिनिटे ५२ सेकंद : आवाजाच्या नमुन्यांच्या वेगाची गडबड. गाण्याची सीडी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांवर असते, व्हिडिओचे काम ४८,००० वर चालते. ४४,१०० वर घेतलेला आवाज ४८,००० समजून वाजविला तर तो लवकर संपतो आणि स्वर हार्मोनियमच्या एक ते दोन पट्ट्या चढतो. भारदस्त गळा पोरकट ऐकू आला की हेच कारण समजावे.

शेवटच्या तीन कारणांत आवाज ताणत बसू नये. मुळातली चुकीची नोंद बदलावी. म्हणजे प्रोग्रामला त्या फाइलचा खरा वेग सांगावा. सर्व फरक एकदम नाहीसा होतो. फक्त पहिल्या कारणात, म्हणजे घड्याळांच्या फरकात, ताणण्याचा उपाय करावा.

त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, तासाच्या फिल्ममध्ये सुरुवात बरोबर आहे आणि शेवटी आवाज ९ फ्रेम मागे पडतो. ९ गुणिले ४० म्हणजे ३६० मिलिसेकंद. म्हणजे चित्र ३६०० सेकंदांचे आणि आवाज ३६००.३६ सेकंदांचा. आवाजाची लांबी भागिले चित्राची लांबी गुणिले शंभर, उत्तर १००.०१ येते. आवाजाच्या पट्टीचा वेग १००.०१ टक्के केला की काम झाले. एवढ्या बदलाने स्वरातला फरक कोणाच्याही कानाला कळत नाही. आवाज पुढे धावत असेल तर उत्तर शंभराहून कमी येईल.

ज्यांच्या प्रोग्राममध्ये अपूर्णांक टाकता येत नाही त्यांनी दुसरा उपाय करावा. तासाला ९ फ्रेम म्हणजे दर ६ मिनिटे ४० सेकंदांना एक फ्रेम. तेवढ्या अंतरावर जेथे बोलणे थांबते, तेथे आवाजातली एक फ्रेम कापून काढावी. बोलण्याच्या मध्ये किंवा गाण्यात कापू नये, टक् असा आवाज येतो.

तिसरा प्रकार : फरक उड्या मारतो

हा सर्वांत त्रासदायक प्रकार. याची तीन मुख्य कारणे आहेत.

पहिले कारण मोबाइल. मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला ठरावीक फ्रेम घेतोच असे नाही. उजेड कमी झाला की तो आपोआप फ्रेम कमी करतो. मेहंदीची रात्र किंवा गॅसबत्तीच्या उजेडातली वरात यांत असे होते. मोबाइलवर तीच क्लिप बरोबर दिसते, कारण प्रत्येक फ्रेमची वेळ फाइलमध्ये नोंदलेली असते. काही मिक्सिंग प्रोग्राम मात्र सर्व फ्रेम समान अंतराच्या समजून चालतात आणि सिंक कधी पुढे कधी मागे होते. मीडियाइन्फो नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडली की फ्रेमचा वेग स्थिर आहे की बदलता हे दिसते. बदलता असेल तर मिक्सिंगला घेण्यापूर्वीच हँडब्रेक या मोफत प्रोग्राममधून स्थिर वेगाची फाइल करून घ्यावी. मिक्सिंग अर्धे झाल्यावर बदलल्यास सर्व कापाकापी पुन्हा करावी लागते. नातेवाइकांकडून मोबाइलच्या क्लिपा मागविताना मूळ फाइल मागावी. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप दाबून लहान केलेली असते.

दुसरे कारण कॅमेऱ्याचे तुकडे. अनेक कॅमेरे कार्डावर ४ जीबी झाले की नवीन फाइल सुरू करतात. काही कॅमेरे अर्ध्या तासाला थांबतात. रेकॉर्डर मात्र सलग चालू असतो. तुकडे नुसते एकापुढे एक लावले की प्रत्येक जोडावर आवाज थोडा सरकतो. कार्डातली एखादीच फाइल न उचलता संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे कॉपी करावे, आणि कॅमेऱ्याबरोबर आलेल्या प्रोग्रामने तुकडे जोडावेत. कॅमेरा थांबून पुन्हा सुरू झाला असेल तेथे प्रत्येक तुकडा वेगळा जुळवावा.

तिसरे कारण जुन्या कॅसेटी. याचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण त्यात रोजगार आहे.

जुन्या लग्नांच्या कॅसेटी

१९८० आणि १९९० च्या दशकांत घरोघरी लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी झाल्या. आज व्हीसीआर नाहीत, टेप खराब होत चालल्या आहेत आणि त्यांतली पुष्कळ माणसे हयात नाहीत. आपल्या वडिलांचा आवाज त्या कॅसेटीत अडकला आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो गिऱ्हाईक योग्य दाम देण्यास तयार असतो. म्हणून कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून देण्याचे काम जबाबदारीने करावे.

जुनी टेप ताणली गेलेली असते, त्यामुळे चित्राचे संकेत डळमळीत येतात. स्वस्त कॅप्चर कार्डाला असे चित्र समजले नाही की ते फ्रेम सोडून देते. आवाज मात्र सोडला जात नाही. परिणामी चित्र लांबीने कमी भरते आणि आवाज मागे मागे पडत जातो. फ्रेम जेथे गळाल्या तेथेच फरक पडतो, म्हणून हा फरक एकसारखा वाढत नाही, पायऱ्यांनी वाढतो. येथे संपूर्ण पट्टी ताणली तर बरोबर असलेले भागही बिघडतात. प्रत्येक पायरी शोधून तेथे तुकडा करावा आणि पुढचा भाग जुळवावा.

त्यापेक्षा फ्रेम गळू न देणे चांगले. व्हीसीआरचे हेड साफ करावे. टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळावी. चित्र स्थिर करणारे टाइम बेस करेक्टर यंत्र मिळत असेल तर ते मध्ये जोडावे. उतरविताना कॉम्प्युटरवर दुसरे कोणतेही काम करू नये. टेपमध्ये जेथे कोरी जागा आहे तेथे थांबावे आणि निकाह, वलीमा, बिदाई असे प्रसंग वेगवेगळे उतरवावेत. कोकणपट्टीच्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते. बुरशीची कॅसेट साफ केल्याशिवाय व्हीसीआरमध्ये घालू नये. टेपही जाते आणि मशीनही.

शूटिंगच्या दिवशीच घ्यावयाची काळजी

मिक्सिंगच्या टेबलावर जे काम तासभर चालते ते मंडपात पाच मिनिटांत टाळता येते.

१. सर्व कॅमेरे सेकंदाला २५ फ्रेमवर आणि आवाज ४८,००० वर ठेवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकण्याचा त्रासही २५ वर कमी होतो. मोबाइल बहुधा ३० वर असतात, ते आधी पाहावे.

२. प्रत्येक वेळी कॅमेरा सुरू केल्यावर कॅमेऱ्यासमोर हात दिसेल अशी एक टाळी वाजवावी. टाळी कॅमेरा आणि रेकॉर्डरचा माइक या दोघांच्याही जवळ असावी. सिनेमातल्या क्लॅपचे काम हेच आहे.

३. बंद करण्यापूर्वी शेवटीही एक टाळी वाजवावी. सुरुवातीच्या टाळीने सरकविण्याचा फरक कळतो, शेवटच्या टाळीने ताणण्याचा. दोन टाळ्या असतील तर वर दिलेला हिशेब दोन मिनिटांत होतो.

४. वेगळा रेकॉर्डर असला तरी कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक कधीही बंद करू नये. त्या आवाजावरच जुळणी होते.

५. निकाहचा मुख्य आवाज निदान एका कॅमेऱ्यात सरळ वायरने घ्यावा. चित्र आणि आवाज एकाच घड्याळावर चालले की वाढता फरक येतच नाही.

दोष कोणाचा, खर्च कोणाचा?

प्रकार ओळखता आला की भांडण मिटविणेही सोपे जाते. सारखा राहणारा फरक ही बहुतेक वेळा मिक्सिंगची गोष्ट आहे. ती मिक्सिंगवाल्याने विनामूल्य दुरुस्त करून द्यावी. दोन यंत्रांच्या घड्याळांचा फरक हा कोणाचाही गुन्हा नाही. पण शेवटची टाळी घेतली नसेल तर मिक्सिंगवाल्याचा वेळ जास्त जातो आणि त्याची मजुरी आधी ठरलेली असावी. कॅमेऱ्याचा वेग चुकीचा ठेवला, तुकडे गहाळ झाले किंवा कार्ड अर्धवट कॉपी केले, तर जबाबदारी शूटिंगवाल्याची. आणि ज्या फ्रेम कार्डावर किंवा टेपवर उतरल्याच नाहीत त्या कोणीही परत आणू शकत नाही. गिऱ्हाइकाला हे काम घेतानाच सांगावे. ‘सगळे ठीक करून देतो’ असे वचन देऊन नंतर टाळाटाळ करण्यापेक्षा हे बरे.

यासाठी कार्डाबरोबर एक चिठ्ठी देण्याची पद्धत ठेवावी. तिच्यावर कॅमेरे किती, फ्रेमचा वेग किती, आवाज कितीवर घेतला, कार्डे किती आणि टाळ्या दोन्ही टोकांना आहेत की नाहीत, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. शूटिंगवाला आणि मिक्सिंगवाला दोघांनी सही करावी. गिऱ्हाइकाने फिल्म पाहून पसंत केल्याशिवाय आणि पूर्ण हिशेब झाल्याशिवाय कार्डे पुसू नयेत. एका कार्डाच्या किमतीसाठी एका लग्नाचे काम धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही.

फिल्म हाती देण्यापूर्वी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत, वायरच्या हेडफोनवर, एकदा पूर्ण पाहावी. नंतर पेन ड्राइव्हवरून साध्या टीव्हीवर तीन जागा पाहाव्यात. कापड विकणारा तागा मोजून देतो, सोनार दागिना वजन करून देतो. तसे आपले माप फ्रेमचे आहे. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, म्हणून ते बरोबर देण्याची जबाबदारी कारागिराचीच अधिक आहे. ज्याच्या फिल्ममध्ये ‘कबूल’ चा ब ओठांवर बरोबर बसतो, त्याच्याकडे त्या घरातले पुढचे लग्न आपोआप येते.